पुस्तक मिटणारा मुलगा : सांगलीतलं एक प्रकरण

जून २०२४. बालवाडी सुरू होऊन आठवडा झाला होता. गोष्टीच्या वेळी बाकीची मुलं सतरंजीवर पुढे पुढे सरकायची आणि ओम मागे मागे. (खरं नाव वेगळं आहे. वय सव्वाचार वर्षं.) एके दिवशी मी त्याच्या शेजारी बसले आणि पुस्तक उघडलं. त्याने पानावर तळहात ठेवला आणि पुस्तक सावकाश मिटलं. राग नाही, आदळआपट नाही. संध्याकाळी दार लोटून घ्यावं, तसं.

त्याची आई मिरजेत एका रुग्णालयात नर्स आहे. शिफ्ट सांभाळून ती मला भेटायला आली आणि म्हणाली, "ताई, आम्ही पुस्तकं कमी नाही हो आणली. अकरा आहेत घरात. पण ह्याला आवडच नाही. मोबाईल दिला की तासभर बसतो."

एकोणीस वर्षं मी बालवाडीत शिकवते आहे आणि हे वाक्य दर जूनमध्ये ऐकते. आवड नाही असं ठरवून मोकळं होण्याआधी पुस्तकं कुठली आहेत ते कुणीतरी नीट पाहायला हवं. म्हणून मी म्हटलं, "मी घरी येते. अकराच्या अकरा पुस्तकं काढून ठेवा."

घरातली अकरा पुस्तकं

घर गावभागात, जुन्या बांधणीचं. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात. दिवसभर ओम आजीजवळ असतो. आजी मूळच्या कवठेमहांकाळकडच्या, सातवी शिकलेल्या. वाचताना चाळशी लावतात आणि शब्दाखाली बोट फिरवतात. त्यांनी पुस्तकं कॉटवर मांडून ठेवली होती.

तीन पुस्तकं मुळाक्षरांची. एकेका पानावर नऊ-नऊ चौकटी, प्रत्येकीत एक चित्र. ऐरण, ऋषी, बाण. ऐरण ओमने जन्मात पाहिलेली नाही, आणि चित्रातली ऐरण पाहून ती काय कामाची हे मलाही कळलं नसतं. दोन पुस्तकं बटण दाबलं की इंग्रजी गाणं वाजणारी. त्यांचे सेल संपलेले. एक जाड पुठ्ठ्याचं, तो वर्षाचा असतानाचं, कोपरा चावून चावून गोल झालेला. त्या अकरांत खरं वापरलेलं पुस्तक तेवढं एकच होतं.

उरलेली पाच म्हणजे प्रदर्शनातून आणलेला बोधकथांचा संच. चकचकीत कागद, भडक रंग, चित्रं संगणकावर झटपट उरकलेली. कोल्ह्याचा चेहरा एकदाच काढून पानोपानी चिकटवला होता. कोल्हा उडी मारताना जसा हसत होता, तसाच उपाशीपोटी परत जातानाही हसत होता. आणि द्राक्षं? ती आंब्यासारखी एका जाड बुंध्याच्या झाडाला लटकलेली.

मी त्या पानावर थांबले, तेव्हा आजींनी सांगितलं, "बाई, हितंच त्यानं घोळ घातला. म्हणला, द्राक्षं अशी नसत्यात. मी म्हणलं, गोष्टीत असत्यात, गप ऐक."

ओमच्या मामांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. तारांच्या मांडवावर चढलेला वेल, पानांखाली लोंबणारे घड, हे सगळं त्याने खाली उभं राहून पाहिलेलं. चित्र चुकलं आहे हे चार वर्षांच्या मुलाने बरोबर पकडलं होतं, आणि त्याला गप्प बसवलं गेलं. त्याने पानावरून नजर काढून घेतली ती तिथे, असं माझं मत झालं. चित्रावर विश्वास ठेवायचा नाही आणि अक्षरं तर वाचता येत नाहीत. मग त्या पानात त्याच्यासाठी उरलं काय?

दुसरी गोष्ट त्याच संचात होती. प्रत्येक कथेच्या शेवटी चौकटीत 'तात्पर्य'. आजी ते वाचायच्या नाहीत, झाकून ठेवून विचारायच्या. "सांग बघू तात्पर्य काय?" उत्तर आलं नाही की, "लक्ष कुठं हाय तुझं?" आजींचा हेतू चांगलाच होता. नातू हुशार व्हावा म्हणून त्या दुपारची झोप सोडून बसायच्या. पण पुस्तक उघडलं की शेवटी परीक्षा आहे, हे ओमला पाठ झालं होतं. तो पुस्तक मिटायचा तो त्या परीक्षेआधी.

माझी पहिली निवड चुकली

दोन दिवसांनी मी माझं आवडतं पुस्तक घेऊन गेले. जलरंगातली फिकट, धूसर चित्रं, म्हाताऱ्या झाडाची आणि गाव सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट. भाषा अशी सुंदर की मी ते स्वतःसाठी कितीदा तरी वाचलं आहे. ओमने ते तिसऱ्या पानावर मिटलं.

घरी परतताना मी याचा नीट विचार केला. त्या खोलीत एकच ट्यूबलाईट. आजींच्या मांडीवरून फिकट निळा-करडा रंग म्हणजे नुसता धुरळा दिसत होता. शिवाय ती हुरहुर मोठ्यांची होती. सोडून आलेल्या गावाची आठवण येण्यासाठी आधी काहीतरी सोडून यावं लागतं. चार वर्षांचं मूल अजून यायच्याच वाटेवर असतं. अशी पुस्तकं बाजारात बरीच आहेत. दिसायला चित्रपुस्तक, पण लिहिलेली आईबाबांच्या मनासाठी. ती वाईट नसतात. मात्र पुस्तकांपासून दुरावलेल्या मुलाला परत आणायचं असेल, तर सुरुवात त्यांनी करू नये.

पिशवीतली सात

मग मी सात पुस्तकं निवडली. काही बालवाडीतली, काही ओळखीच्यांच्या घरची. निवडताना काय पाहिलं ते सविस्तर सांगते, कारण दुकानात उभं राहून कुणालाही हे करता येतं.

आधी मजकूर हाताने झाकायचा आणि नुसती चित्रं चाळायची. गोष्ट पुढे सरकते का? चेहरे बदलतात का? एखादं पात्र, एखादी वस्तू अशी आहे का, जिचा मजकुरात उल्लेखच नाही? चांगल्या चित्रपुस्तकात चित्र मजकुराची नक्कल करत नाही. ते स्वतःचं काहीतरी वेगळं सांगतं. 'मनी दूध प्यायली' असं लिहिलं आहे आणि चित्रातही मनी दूध पितेच आहे, बाकी काही नाही, तर मुलाला शोधायला काय राहिलं? आणि जे दाखवलंय ते खरं आहे का? गाय उडाली तरी चालेल, मुलांना ते छान कळतं. पण गाय जमिनीवर असताना तिचे पाय गाईसारखेच वाकले पाहिजेत.

मग मजकूर. एक पान हलक्या आवाजात वाचून पाहायचं. 'ससा अतिशय आनंदी झाला आणि त्याने आपल्या मित्रांचे आभार मानले', असलं वाक्य मराठी घरात कुणी कुणाला बोलतं का? भाषांतरित पुस्तकांना माझा विरोध नाही, माझ्या कपाटात ती अर्धी आहेत. पण भाषांतर करणाऱ्याने वाक्य तोंडाने म्हणून पाहिलेलं असावं. या वयाला पानावर दोन-चार ओळी पुरेत. मजकूर रंगीत चित्रावर छापलेला असेल, तर ते पुस्तक मी ठेवून देते. ओमच्या घरी वाचणार होत्या आजी, चाळशी लावून, एका ट्यूबलाईटखाली. पांढऱ्यावर काळं आणि ठसठशीत अक्षर हवंच होतं. पुस्तक मुलासाठी घेतो, तेव्हा वाचून दाखवणाऱ्याच्या डोळ्यांचाही विचार करावा लागतो. हे फार कमी लोक करतात.

पान उलटण्याची जागाही मी पाहते. छापखान्यात एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेली पानं, बहुधा आठ किंवा सोळा पानांचा असतो, म्हणून चित्रपुस्तकं बरेचदा सोळा, चोवीस, बत्तीस पानांची निघतात. जाणत्या लेखक-चित्रकाराला ही पानं मोजून माहीत असतात. 'दाराबाहेर कोण आलं होतं?' हे उजव्या पानाच्या शेवटी येतं आणि उत्तर पलीकडे दडतं. निष्काळजी पुस्तकात प्रश्न आणि उत्तर समोरासमोर छापलेले असतात.

बांधणीचं थोडक्यात. पुस्तक जमिनीवर ठेवून हात सोडला तर उघडं राहिलं पाहिजे, आणि मधल्या घडीत कुणाचं डोकं गडप झालेलं नसावं.

कुठून आणायची हेही पालक विचारतात. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तकं मिळतात, आणि त्यांतली कितीतरी संचाच्या किमतीपुढे स्वस्त पडतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथली मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. फक्त तिथल्या पातळ्या पाहून गोंधळू नका. पहिली पातळी आहे ती स्वतः वाचायला लागलेल्या मुलांसाठी. आपण वाचून दाखवणार असू, तर चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्या पातळीतली गोष्टही पेलते. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणं झालं, तर साताऱ्यातल्या भिलारला थांबा. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, मुलांना ती हाताळू देतात. कुठल्या पुस्तकापाशी आपलं मूल रेंगाळतं हे न विकत घेता पाहायला मिळतं.

मजकुरात नसलेला कावळा

सातही पुस्तकं मी ओमच्या घरी फरशीवर पसरली, मुखपृष्ठं वर करून. आजींना एकच विनंती केली. पंधरा दिवस काहीही विचारायचं नाही. तात्पर्य नाही, 'हा रंग कुठला' नाही, 'किती पक्षी मोज' नाही.

आजींना ते पटलं नाही. "मग चांगलं-वाईट कवा शिकायचं त्यानं?" हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. मी विचारलं, "तुम्ही त्याला चिऊ-काऊची गोष्ट सांगता ना? शेणाचं घर, मेणाचं घर. त्याच्या शेवटी तात्पर्य विचारता?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "न्हाई की."

टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली होती. काहींना माणसांची, काहींना त्याच प्रसंगातल्या, कपडे घातलेल्या प्राण्यांची. नंतर स्वतःची स्टिकरं दुसऱ्याला देण्यात माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं पुढे होती. प्राण्यांच्या गोष्टी वाचू नयेत असा याचा अर्थ मी काढत नाही. पण कोल्ह्याच्या तोंडून शिकवण दिली की ती आपोआप उतरते, हा आपला समज तपासायला हवा. सातांत मी दोन बहिणी झोपाळ्यावरून भांडतात अशी एक गोष्ट म्हणूनच ठेवली होती. शेवटी उपदेश नाही, दोघी नुसत्या दमून एकाच झोपाळ्यावर बसतात.

ओमने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याने म्हशीचं पुस्तक उचललं.

संध्याकाळी म्हैस घरी निघते, एवढीच गोष्ट. पानावर एखादी ओळ. आजी बोट फिरवत वाचू लागल्या. "म्हैस नदीतून बाहेर आली." पान उलटलं. "म्हैस रस्त्याने चालू लागली." ओम अजून हातभर लांब. तिसऱ्या पानाला तो पुढे वाकला.

"कावळा."

आजींनी चाळशीवरून पाहिलं. "कुठं कावळा? हितं म्हस लिवलंय."

"पाठीवर. मगाशी शिंगावर होता."

आजींनी मागचं पान काढलं. शिंगावर कावळा होता. त्याच्या मागच्या पानावरही होता, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या म्हशीच्या डोक्यावर. गोष्टीत त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. आजींना तो दिसलाच नव्हता, कारण त्या अक्षरं वाचत होत्या. मूल शेजारी बसून ऐकतं तेव्हा त्याची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर असते, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या अभ्यासांतही दिसलं आहे. एकच पान, दोन वाचणारे, दोघं वेगळं वाचतात. आजवर त्या घरात आजींचं वाचन खरं धरलं जात होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ओमचं धरलं गेलं.

आणि मग आजींनी पुस्तकातली ओळ सोडून दिली. "आन् मग काय झालं म्हाईत हाय? म्हस निघाली डुलत डुलत, आन् ह्यो कावळा बसलाय बघ फुकटात."

ओम मांडीला येऊन टेकला.

मी त्या घरी याआधी दोनदा आजींना वाचताना ऐकलं होतं. छापील भाषा वाचताना त्यांचा आवाज सपाट व्हायचा, शाळेत उभं राहून धडा म्हणावा तसा. स्वतःच्या बोलीत आल्या आणि आवाजात चढ-उतार आले, हात हलायला लागले. कमी मजकुराचं पुस्तक निवडण्याचं खरं कारण मला त्या दिवशी नीट कळलं. मुलाला जास्त शब्द झेपत नाहीत म्हणून मी तसं निवडत आले होते. पण पानावर जागा मोकळी असली, की सांगणाऱ्याची भाषाही तिथे येऊन बसते. मूल प्रमाण मराठी शिकेल की नाही ही काळजी काही पालक बोलून दाखवतात. पुस्तकातली ओळ एकदा जशी आहे तशी वाचा आणि नंतर आपल्या भाषेत सांगा. आजी आता तसंच करतात, दोन्ही कानावर पडतं.

पुढचे पंधरा दिवस म्हशीचेच

आजींचा चौथ्या दिवशी निरोप आला. बाकीची सहा धूळ खातायत, हा तेवढंच एक वाचायला लावतो, काय करावं? मी कळवलं, वाचत राहा.

ससेक्स विद्यापीठातल्या एका अभ्यासात, २०११ सालचा, तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द असलेल्या गोष्टी वाचून दाखवल्या होत्या. काही मुलांना दर वेळी वेगळी गोष्ट, काहींना तीच ती गोष्ट पुन्हा. शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले, पण लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. पुढचं माहीत असलं की मुलाची शक्ती 'आता काय होणार' यात खर्च होत नाही, बारकाव्यांकडे वळते. म्हणून एका महिन्यात दहा पुस्तकं आणण्यापेक्षा, दहादा वाचवेल असं एक आणावं. हे निवडीच्या वेळीच लक्षात ठेवायचं. जे पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना आपल्यालाच कंटाळा येतो, ते मूल पन्नासदा मागेल तेव्हा आपण लपवून ठेवणार.

बाराव्या दिवशी जेवण झाल्यावर आजी पान चघळत बसल्या होत्या. ओम त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आजी रवंथ कराय लागलीया." शब्द म्हशीच्या पुस्तकातला, शेवटच्या पानावरचा. कुणी त्याला अर्थ विचारला नव्हता, सांगितलाही नव्हता.

एक निवड मात्र पुन्हा फसली. आठवडी बाजाराचं बिनशब्दांचं पुस्तक. ते पाहून आजीच गडबडल्या. "ह्यात काय लिवलंच न्हाई. काय वाचू मी?" वाचणं म्हणजे अक्षरं असं आयुष्यभर मानलेल्या माणसाच्या हातात बिनशब्दांचं पुस्तक पहिल्यांदा देऊ नये, ही नोंद मी तेव्हा केली. तीन आठवड्यांनी, कावळा सापडण्याचा सराव झाल्यावर, तेच पुस्तक दोघांनी मिळून उघडलं. त्यात समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्रांची गर्दी आहे. आजी आधी डाव्या पानावरून हात फिरवायच्या, मग उजव्या. मी त्यांना तसं सांगितलं होतं, कारण दोन चित्रं एकदम समोर आली की लहान मुलं कुठे पाहायचं यातच अडकतात आणि हाताने दिशा दाखवली की हा अडसर बराच कमी होतो. हेही ससेक्सच्याच संशोधकांनी तपासलं आहे.

अकरांपैकी मुळाक्षरांची पुस्तकं आम्ही दोन वर्षांसाठी कपाटावर ठेवली. बोधकथांचा संच आजींनी टाकू दिला नाही, मीही आग्रह धरला नाही. मोबाईल सुटलेला नाही. आई रात्रपाळीहून आली की झोपते, तेव्हा तो हातात असतोच. वडील रविवारी वाचतात, बाकीचे दिवस त्यांना घरी यायला नऊ वाजतात. हे सगळं पुस्तकांनी सुटणारं नाही.

जुलैची अखेर

पाऊस लागून राहिला होता. कृष्णा चढायला लागली की गावभागात सगळ्यांचं बोलणं एकच असतं, आयर्विन पुलापाशी किती फूट. इशारा चाळीसला, धोका पंचेचाळीसला. ऑगस्ट २०१९ मध्ये ती सत्तावन्नवर गेली होती. ओमचा जन्म त्यानंतरचा. त्याच्या घरात तेव्हा पाणी शिरलं, माळ्यावरचं तेवढं वाचलं. कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर निळ्या रंगाने करून ठेवलेली आहे. रोज समोर असल्यामुळे ती कुणाला दिसत नाही.

मी पुस्तकं बदलून द्यायला गेले होते. नव्या पुस्तकांत एक पावसाचं होतं. एक मुलगी पायरीवर बसून कागदाची होडी सोडते, आणि पानागणिक पाणी एकेक पायरी वर येतं. मजकूर फक्त होडीबद्दल बोलतो. पायऱ्यांबद्दल चकार शब्द नाही.

ओमने पुस्तक आजींच्या मांडीवर ठेवून स्वतः उघडलं. पाचव्या पानावर तो थांबला. मागचं पान काढलं, त्याच्या मागचं काढलं, पायऱ्यांवर बोट ठेवत परत पुढे आला.

"आजी, पाणी चढायलंय."

"व्हय रं."

"आपल्यात कुठवर आलतं?"

आजींनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि भिंतीकडे बोट केलं. "हितवर."

ओम उठून भिंतीपाशी गेला. टाचा उंचावल्या, तरी हात खुणेला पोचेना. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. मी त्याला उचललं. निळ्या रेषेवर त्याने बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आजी शब्दाखाली फिरवतात तसं. मग खाली उतरून जागेवर गेला आणि पुस्तक परत आजींच्या मांडीवर ठेवलं.

"आता पयल्यापास्नं वाच."